आधी हापसा मारून या

आमच्या ऑफिसातल्या रांजणात पाणी किती आहे यावरून त्या दिवशी सांगलीत किती मालक बिघडले ते कळायचं. रांजण अर्धा म्हणजे दिवस शांत. काठोकाठ म्हणजे तीनचार तक्रारी. आणि शिपाई उरलेलं पाणी मागच्या पपईला घालताना दिसला, की आमचे साहेब खुर्चीतूनच विचारायचे, "आज गिरणी बंद पडली की काय रे?"

या सगळ्याला एक माणूस कारणीभूत होता, आणि तो आमच्या ऑफिसचा नोकरही नव्हता. त्याला सगळे हवालदार म्हणत. पोलिसातले नव्हेत, फौजेतले. कंपनी क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, मूळ पलूसच्या बाजूच्या एका खेड्यातले. आमच्या ऑफिसच्या खिडकीबाहेर कडुलिंब होता, त्याच्याखाली एक लाकडी पेटी उलटी ठेवून ते बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी साताऱ्याचा. नुकताच नोकरीला चिकटलो होतो आणि विश्रामबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कामगार अधिकाऱ्यांच्या ऑफिसात आवक कारकून होतो. नोकराने मालकाविरुद्ध तक्रार केली की ती माझ्या टेबलावर यायची. मी शिक्का मारायचा, नंबर घालायचा, मालकाला नोटीस काढायची. मालकाने लेखी उत्तर द्यायचं. मग साहेबांनी दोघांना समोर बसवून समेट घडवायचा. नाही घडला तर प्रकरण कोर्टाच्या वाटेला लागायचं, आणि त्या वाटेने गेलेला माणूस परत यायचा तो नातवाचा हात धरूनच.

तर हवालदार. खाकी शर्ट, खाली स्वच्छ धोतर, पायात फौजेचे बूट. धोतर आणि बूट ही जोडी त्यांना इतकी शोभायची की काही दिवसांनी मलाच चपला घातलेले लोक चुकीचे वाटायला लागले. सकाळी दहाच्या ठोक्याला ते आमच्या ऑफिसच्या पाटीला सॅल्यूट ठोकत आणि पेटीवर बसत. ऑफिसच्या तीन पायऱ्या मात्र त्यांनी कधी चढल्या नाहीत. पावसात शिपाई बोलवायला गेला तरी येत नसत. डोक्यावर मेणकापडाचा तुकडा घेऊन तसेच बसून राहत. एकदा साहेबांनी स्वतः दारात येऊन "व्हरांड्यात तरी बसा" म्हटलं. हवालदार उभे राहिले, कडक सॅल्यूट ठोकला आणि पुन्हा पावसातच बसले.

यावर आमच्यात बरीच मतं होती. शिपाई म्हणायचा, फौजेचा ताठा आहे. चहावाला म्हणायचा, नवस असेल. मी विचारलं तेव्हा हवालदार म्हणाले, "आत बसलं की मान्साला खुर्ची चिकटती, सातारकर." ते मला सातारकरच म्हणायचे. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

त्यांची लिहिण्याची पद्धत अशी. कुणी तणतणत आलं की त्याला समोरच्या दगडावर बसवायचं आणि "सांगा" म्हणायचं. तो माणूस मालकाची सात पिढ्यांची उणीदुणी काढायचा. हवालदार पेनाचं टोपणसुद्धा काढायचे नाहीत. त्याचा दम संपला की म्हणायचे, "झाला पयला रौंड. जावा, हापसा मारून या."

आवारात बिडाचा जुना हापसा होता, दुष्काळात मारलेल्या बोअरचा. इतका जड, की बादली भरेस्तोवर पैलवानाचेही खांदे बोलायला लागत. ती बादली आमच्या रांजणात ओतायची आणि येऊन तीच तक्रार पुन्हा पहिल्यापासून सांगायची. हा दुसरा राउंड. पुन्हा बादली. मग तिसरा राउंड, आणि तेव्हा कुठे हवालदारांच्या पेनाचं टोपण निघायचं.

"पयला रौंड बंदुकीची नळी तापवायला," ते मला समजावून सांगत, "दुसरा हवेत. तिसरा लागतो."

आणि तो लागायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. विट्याकडचा एक यंत्रमागवाला एकदा आला. पहिल्या राउंडला मालक राक्षस होता. दुसऱ्या राउंडला मालक बरा होता, पण मुकादम राक्षस होता. तिसऱ्या राउंडला कळलं की मुकादम त्याचा सख्खा साडू आहे आणि भांडण मेव्हणीच्या पोराच्या बारशाला बोलावलं नाही यावरून आहे. तो गडी दोन बादल्या भरून हसत घरी गेला. अशा निम्म्या तक्रारी हापशावरच विरघळायच्या. उरलेल्या निम्म्या मात्र अशा पक्क्या असायच्या की मालकाच्या वकिलाला दात लावायला जागा मिळायची नाही.

लिहिताना ते तक्रारदाराला 'जुलमी', 'निर्दयी', 'पाषाणहृदयी' असले शब्द घालू देत नसत. "इशेषन म्हंजे भाकड म्हस. खाती, दूध देत न्हाई. काय झालं ती सांगा." पैसे घेत नसत, पेन्शन आहे म्हणायचे. त्याऐवजी त्या कामातली एखादी वस्तू घ्यायचे. तेलघाण्यावरच्या माणसाकडून पेंडीचा तुकडा, मागवाल्याकडून सुताची गुंडी, भडंगवाल्याकडच्या नोकराकडून मूठभर भडंग. ते भडंग मात्र आम्ही दोघं मिळून खायचो.

आणखी एक. मालकही उत्तर लिहून घ्यायला त्यांच्याकडेच यायचे. एका सकाळी नोकराची तक्रार लिहिलेली असायची, आठवड्याने त्याच पेटीवर, त्याच जांभळ्या शाईत मालकाचं उत्तर. सांगलीत कुणाला यात काही वावगं वाटायचं नाही. चांगला न्हावी दोन्ही भावांची हजामत करतो, मग भावाभावांत दावा का असेना. पुण्याच्या वरिष्ठ कार्यालयाला मात्र वाटलं. दोन्ही पक्षांचे कागद एकाच हस्ताक्षरात कसे, म्हणून त्यांनी खुलासा मागवला. आमच्या साहेबांनी उत्तर पाठवलं की हस्ताक्षर चांगलं आहे.

मीही एकदा त्या दगडावर बसलो आहे. माझी तक्रार साहेबांविरुद्ध होती. साताऱ्याला एक मुलगी बघायची होती. मुलीचा मामा फौजेतला, शुक्रवारी परत जाणार, म्हणून कार्यक्रम गुरुवारी ठेवलेला. आणि आमचे साहेब रजा म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारे. मी हवालदारांना म्हटलं, पुण्याला अर्ज लिहायचा आहे, माझ्यावर अन्याय होतो आहे. पहिला राउंड मी पाव तास हाणला. बादली भरली. दुसरा राउंड जरा आटपशीर झाला. पुन्हा बादली भरली, हाताला फोड आले. तिसऱ्या राउंडला हवालदारांनी टोपण काढलं आणि विचारलं, "रजा कोन्च्या तारखेला मागितलीस?"

मी हातावरचे फोड बघू लागलो. मागितलीच नव्हती. मिळणार नाही हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

हवालदारांनी टोपण परत लावलं. "जा. आत जाऊन माग." मी गेलो. साहेबांनी मान वर न करता रजेवर सही केली आणि म्हणाले, "मुलगी पसंत पडली तर पेढे आण. आणि पुढच्या वेळी माझ्याबद्दल बोलायचं असेल तर आधी ही खिडकी लावून घेत जा."

ती मुलगी आत्ता माझ्या मागे उभी राहून हे वाचते आहे. दोन बादल्यांवर लग्न जमलं हे छापू नका, म्हणते आहे.

आता मारुतीची गोष्ट सांगतो, कारण हवालदार मला खरे कळले ते तिच्यातच.

मारुती हरिपूरला हळदीच्या पेवांवर कामाला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी सांगलीच्या बाजारातली हळद हरिपूरला जमिनीत खोल खड्ड्यांत भरून ठेवत, त्याला पेव म्हणायचं. तोंड एवढंच, की एक माणूस कसाबसा उतरावा. आत मात्र खोलीएवढी जागा. तोंड मातीने लिंपून बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकायची. पण बंद पेवात हवा मरते. म्हणून पेव फोडलं की ते काही तास उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर नाही. शिक्षण म्हणून लागतं ते एवढंच, पण ते चुकलं तर दुसरी संधी नाही.

मारुतीची त्या एका शेठकडे बावीस वर्षं झाली होती. हात कोपरापर्यंत पिवळे. तो पाणी प्यायला तरी पेल्यावर बोटं उमटायची. दिवाळीनंतर एका सकाळी शेठ स्वतः पेवावर आले. परगावचा ट्रक येऊन उभा होता, ड्रायव्हर घाई करत होता. पेव नुकतंच फोडलेलं. मारुतीने कंदील सोडला, तो विझला. शेठ म्हणाले, वाऱ्याने विझला असेल, उतर. मारुती म्हणाला, नाही. शेठ पुन्हा म्हणाले, उतर. तेव्हा हमालांसमोर आणि ट्रकवाल्यांसमोर मारुती बोलून गेला, "मग तुमीच उतरा."

शेठनी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तो लिंबाखाली आला तेव्हा त्याला दुसरं काही नको होतं. मला परत कामावर घ्या, एवढंच. घरी चार माणसं खाणारी होती, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पेवाचा माणूस दुसरं काय करणार. पण दुसऱ्या राउंडला तो म्हणाला, "माझं जाऊ द्या. पर मला काडल्यावर आता बाकीची पोरं कंदील सोडत्याल का? इझला तरी उतरत्याल. नोकरीच्या भ्यानं." ते ऐकून माझा शिक्का हातातच राहिला. तक्रार एका माणसाच्या नोकरीची होती, पण कुणाचा तरी जीव तिला बांधलेला होता.

तिसऱ्या राउंडला तो चारचौघांत बोलल्याबद्दल खजील झाला. मालकाला तसं बोलायला नको होतं, म्हणाला. हवालदारांनी तेही अर्जात लिहिलं. मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं, "अहो, हे कशाला? उद्या शेठ हेच धरून बसतील."

"धरू देत की," हवालदार म्हणाले. "आपली चूक आपनच आदी हातात द्यावी. मग समोरचा मारायला काय घेनार?"

नोटीस गेली. आठ दिवसांनी शेठ आले. भारदस्त माणूस, काळी टोपी, कोट, पांढरंशुभ्र धोतर. बाजारात नाव चांगलं होतं, खरं तर माणूसही चांगला होता, पण हे आम्हाला नंतर कळलं. मारुतीच्या अर्जाची नक्कल पुढे धरून त्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलं आहे? मी खिडकीतून लिंबाकडे बोट दाखवलं. शेठ म्हणाले, "ज्याने मला एवढं बोचवलं त्याच्याकडूनच उत्तर लिहून घेतो. माल चांगला तिथे घ्यावा."

शेठ दगडावर बसले. पहिल्या राउंडला मारुती उर्मट होता, माजलेला होता, ऐतखाऊ होता. हवालदार म्हणाले, "जावा, हापसा मारून या." शेठना वाटलं चेष्टा आहे. मग त्यांनी पाहिलं की तो माणूस चेष्टा करत नाही. त्यांनी कोट काढून लिंबाच्या फांदीला अडकवला आणि हापशाला हात घातला. आम्ही सगळे खिडकीत. साहेब फाइल वाचतोय असं दाखवत खिडकीत. हळदीच्या बाजारातले शेठ धोतर सावरत हापसा मारताहेत, हे दृश्य आमच्या पगारात बसणारं नव्हतं. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. शिपायाने आदराने बादली उचलायला हात पुढे केला, तो हवालदारांनी नजरेनेच मागे घ्यायला लावला.

दुसऱ्या राउंडला ट्रक आला, परगावची पार्टी आली, शब्द दिला होता हे आलं. पुन्हा बादली. तिसऱ्या राउंडला शेठ दगडावर पुढे सरकून बसले. मग इतकं हळू बोलले की मला काही ऐकू आलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की हवालदार लिहीत होते आणि शेठ मान हलवून नको नको म्हणत होते. हवालदारांनी टोपण लावलं आणि कागद त्यांच्या पुढे सरकवला.

"ती वाक्य काडायचं आसंल तर दुसऱ्याकडनं लिवून घ्या, शेठ. मी तिसराच रौंड लिवतो."

शेठ उठले. मला वाटलं, आता निघाले, मारुतीची नोकरीही त्यांच्याबरोबर निघाली. पण ते हापशाकडे गेले. कुणी न सांगता तिसरी बादली भरली, रांजणात आणून ओतली, रांजण वाहिला. मग ओल्या हातांनी येऊन सही केली. त्या सहीची शाई फुटलेली मला अजून आठवते.

सुनावणी सकाळी होती. बाहेर कडाक्याची थंडी, साहेबांच्या गळ्यात मफलर. मारुती आणि शेठ एका बाकावर, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. हवालदार नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर उभे. साहेबांनी मला दोन्ही कागद मोठ्याने वाचायला सांगितले. आधी मारुतीचा वाचला. 'मी चारचौघांत मालकांना तुम्हीच उतरा असे बोललो, ते माझे चुकले' इथे शेठनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

मग शेठचा वाचला. त्यात लिहिलं होतं की माझे वडील प्रत्येक पेव फोडताना स्वतः हजर राहत आणि कंदील स्वतःच्या हाताने सोडत. ते गेल्यापासून मी गादीवर बसून धंदा करतो, पेवात मी आयुष्यात उतरलेलो नाही. त्या दिवशी कंदील वाऱ्याने विझला नव्हता हे मला कळले होते. शेवटचं वाक्य म्हणजे शेठ नको नको म्हणत होते तेच असणार. 'मारुती मला तुम्हीच उतरा म्हणाला तेव्हा मला भीती वाटली, आणि त्या भीतीचा राग मी त्याच्यावर काढला.'

साहेब समेटाच्या वेळी अर्धा तास तरी बोलत. कलमं सांगत, दाखले देत. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग आता मी काय करू?"

खिडकीबाहेरून आवाज आला. "सही मारा, सायेब. च्या थंड व्हतोय."

मारुतीला कामावर परत घ्यायचं, कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही आणि न उतरणाऱ्याला बोल लावायचा नाही, असं ठरलं. मारुतीने आणखी एक मागितलं. पुढचं पेव फोडताना कंदील शेठनी सोडायचा, त्यांच्या वडलांसारखा. शेठ लगेच हो म्हणाले. बाकावरची मधली जागा कधी मिटली ते माझ्या लक्षात आलं नाही.

कागदावर सह्या झाल्या की माझं काम संपायचं. हवालदारांचं संपत नसे. "निशाना लागला का न्हाई, ती जाऊन बगावं लागतं," म्हणाले. रविवारी त्यांनी मला सायकलवर डबल सीट घेऊन हरिपूर गाठलं. सायकल मी चालवतो म्हटलं तर ऐकेनात. कारकून लोकांचा तोल कागदावरच बरा असतो, म्हणाले.

पेव पहाटेच फोडलेलं होतं. उन्हं वर आली तेव्हा शेठ आले. मारुतीने त्यांना दोरीची गाठ शिकवली. शेठनी कंदील पेटवून हळूहळू आत सोडला. आम्ही दहाबाराजण तोंडाभोवती वाकून पाहत होतो. खाली जाऊन कंदील टेकला. ज्योत थरथरली, मग स्थिर झाली. मारुती आणखी थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, "हां, आता व्हय," आणि सराईतपणे आत उतरला. खालून त्याचा आवाज घुमत आला, "या, लय गार हाय."

हे त्याने गमतीत म्हटलं होतं. शेठनी कोट काढला, टोपी काढली आणि हमालांना म्हणाले, मलाही सोडा.

सहा हमालांनी दोर धरला. शेठ कमरेपर्यंत गेले आणि पोटाशी अडकले. वर येईनात, खाली जाईनात. खालून मारुती सांगत होता, "शेठ, श्वास सोडा. पोट आत घ्या." शेठ म्हणाले, "घेतलंय रे, एवढंच जातं." हमाल हसू आवरत दोर धरून होते, ते आवरेना तसा दोर हलू लागला, आणि त्या हलण्यानेच शेठ एकदम सुळकन खाली गेले. थोड्या वेळाने वर आले ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. भुवया पिवळ्या, मिशा पिवळ्या. एक म्हातारा हमाल म्हणाला, "शेठ, नवरी कुटली बगितली?" आणि सगळ्यांत मोठ्याने शेठच हसले. वडील गेल्यापासून मी इथे कधी हसलो नव्हतो, असं ते मला म्हणाले, आणि हसता हसता त्यांनी पिवळ्या हाताने डोळे पुसले.

मारुती वर आला. आनंदात होता. म्हणाला, "हवालदार, आता तुमचा नंबर. उतरा की, बगा तरी."

हवालदार म्हणाले, गुडघे दुखतात. सगळे हसले, आग्रह करू लागले. मग म्हणाले, सायकलला कुलूप नाही. मला तेव्हा लई हुशारी सुचली. मी म्हटलं, "हवालदार, दोन राउंड झाले. आता तिसरा सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पण बोललो ते मागे घेता आलं असतं तर मी तिथल्या तिथे शंभर बादल्या भरल्या असत्या. ते पेवाच्या काळ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग सरळ उभे राहिले, पाटीसमोर राहत तसे.

"लढाईत आमचा बंकर ढासळला. आमी तिघं आत. दीड दिवसानं मला काडलं. दोघं ऱ्हायली." पेवावरून नजर काढून म्हणाले, "तवापास्नं डोईवर छप्पर आलं की मला माती दिसती. घरी बी आंगणात झोपतो. भ्या वाटतं, गड्या."

तीन पायऱ्या, पावसातलं मेणकापड, खुर्ची चिकटती. सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मला इतकी लाज वाटली, की मी पेवाबाहेर सांडलेल्या हळदीकडे बघत उभा राहिलो.

मारुतीने कंदील वर ओढून घेतला, काच पुसली, ज्योत फुंकली.

"मग न्हाई उतरायचं," तो म्हणाला. "हितं भ्या वाटलं तर उतरायचं न्हाई. शेठनी लिवून दिलंय."

शेठनी पिवळी मान हलवली. मग कुणीतरी चहा आणायला धावलं. आम्ही सगळे उन्हात बसून चहा प्यालो. हवालदारांनी आपली फी मागून घेतली, एक हळकुंड मारुतीकडून आणि एक शेठकडून, आणि दोन्ही एकाच खिशात टाकली. परत येताना ते सायकलवर शीळ घालत होते, आणि मी मागे मुकाट बसलो होतो.

सोमवारी सकाळी दहाच्या आत मी आणि शिपायाने सुनावणीचं टेबल, साहेबांची खुर्ची आणि दोन बाकं बाहेर काढून लिंबाखाली मांडली. साहेब आले, मफलर घट्ट केला, टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आत फार उकडतं. डिसेंबरच्या त्या थंडीत साहेब लिंबाखालच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हो, मलाही गुदमरल्यासारखं होतं." पुढे मी साताऱ्याला बदलून येईपर्यंत आमच्या ऑफिसच्या सगळ्या सुनावण्या लिंबाखालीच झाल्या.

त्या दिवशी दहाच्या ठोक्याला हवालदार आले. पाटीला सॅल्यूट झाला. मग त्यांना आपल्या पेटीशेजारी मांडलेलं सरकारी टेबल दिसलं. त्यांनी त्याच्यावरून एकदा हात फिरवला.

"ह्ये कशापाई, सातारकर?"

"आत उकडतंय, हवालदार."

"झाला पयला रौंड," ते म्हणाले. "जा, हापसा मारून ये."

मी गेलो. बादली भरली, रांजणात ओतली आणि दुसऱ्या राउंडला काय सांगायचं ते जुळवत परत आलो. हवालदारांनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. दुसरा राउंड त्यांनी विचारला नाही.